रथाच्या वाटेने जुनं जळगाव: पायी फिरायचं कसं, बघायचं काय

जळगावात पाहुणा आला की आपण त्याला गांधीतीर्थ दाखवतो, मेहरूण तलावावर चक्कर मारून आणतो, भरीत खाऊ घालतो आणि दुसऱ्या दिवशी अजिंठ्याच्या गाडीत बसवून देतो. जुन्या गावात सहसा कोणी नेत नाही. ‘तिथं काय आहे पाहण्यासारखं, गल्ल्याच गल्ल्या,’ असं तिथं जन्मलेली माणसंसुद्धा म्हणतात. मी त्या गल्ल्या बरीच वर्षं पायी हिंडतो आहे आणि अजून माझ्या सगळ्या बघून झालेल्या नाहीत. एक सकाळ आणि एक संध्याकाळ हाताशी असेल तर कुठून निघायचं, कुठं मान वर करायची आणि कोणाला काय विचारायचं, ते सगळं इथे लिहितो.

वाट कोणती धरायची

नवखा माणूस जुन्या गावात शिरला की पहिल्या तीन वळणांतच चुकतो. मोबाइलचा नकाशाही बोळांपाशी हात टेकतो. पण या गावाला स्वतःची एक वाट आहे आणि ती दर कार्तिकी एकादशीला हजारो माणसं चालतात: श्रीरामाच्या रथाची वाट. संत अप्पा महाराजांनी १८७२ साली हा रथ सुरू केला. कार्तिक शुद्ध प्रतिपदेपासून रोज रात्री राममंदिरातून ‘वहन’, म्हणजे देवाच्या वाहनाची मिरवणूक, निघतं. कधी घोडा, कधी हत्ती, कधी गरुड, कधी मारुती. एकादशीला रथ निघतो.

रथाची वाट साधारण अशी: रथ चौकातून निघून गढीचा भाग, कोल्हे वाडा, चौधरी वाडा, तेली चौक, राममंदिरामागची गल्ली, पुन्हा रथ चौक, मग बोहरा गल्ली, सुभाष चौक, दाणाबाजार, शिवाजी रोड, घाणेकर चौक, गांधी मार्केट, तिथून मरीमातेच्या मंदिरावरून भिलपुरा आणि फिरून रथ चौक. ही नावं एका कागदावर याच क्रमाने लिहून खिशात ठेवा. चुकलात तर कोणालाही ‘रथ इकडूनच जातो ना?’ एवढंच विचारा. ‘कोल्हे वाडा कुठे आहे’ असं विचारलं तर माणूस हात दाखवून मोकळा होतो. रथाचं विचारलं की तो थांबतो आणि सांगायला लागतो.

ही वाट धरण्यामागे आणखी एक कारण आहे. रथाला स्टिअरिंग नाही, ब्रेक नाही. माणसं दोर ओढतात आणि चाकाखाली ‘मोगरी’ लावून त्याला थांबवतात, वळवतात. मोगरी म्हणजे मूठ असलेला लाकडी ठोकळा. ती कधी लावायची, किती तिरपी धरायची आणि कधी झटकन काढायची, हे मोगरीवाल्यांच्या हातात बसलेलं असतं. म्हणून या वाटेवरचे कोपरे, ओटे आणि पुढे आलेले सज्जे नीट बघा. दर वर्षी इथून काहीतरी फार उंच आणि फार जड जाणार आहे, हे ठाऊक असलेल्या माणसांनी ही घरं बांधली आणि वाढवली.

एका वळणावर एक आबा ओट्यावर बसले होते. मी कोपऱ्याचा दगड न्याहाळतो आहे, हे पाहून उठून जवळ आले. दगडाची कड गुडघ्याएवढ्या उंचीवर घासून गुळगुळीत झाली होती आणि तिच्यात बोटभर खोल आडवी खाच होती. आबांनी त्या खाचेत करंगळी ठेवली. ‘हे पाय भो (हे बघ भाऊ), चाक इथून जातं. मोगरीवाला चुकला तं आमचा ओटा गेला.’ मग दगड थोपटत म्हणाले, ‘अजून गेला नाही.’ तो कोपरा मी आधी निदान वीस वेळा ओलांडला असेन. खाच पहिल्यांदा त्या दिवशी दिसली.

कधी निघायचं

ऑक्टोबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये जळगावचं ऊन अंगावर घेऊ नका. पारा ४५ च्या घरात जातो आणि दहा वाजता गल्ल्यांमध्ये चिटपाखरू नसतं. फेरीचे दोन भाग करा. गढी ते रथ चौक सकाळी साडेसहा ते नऊ, कारण वाड्यांच्या दर्शनी लाकूडकामावर तिरपं ऊन त्याच वेळी पडतं आणि ओट्यांवर माणसं असतात. बोहरा गल्ली, सराफा आणि दाणाबाजार सकाळी बंद असतात, ते संध्याकाळी. जाड तळव्यांच्या चपला, पाण्याची बाटली, एक वही, एवढं पुरे. दोघं किंवा तिघं जा. दहा जणांचा घोळका दिसला की लोक दारं लोटून घेतात.

गढी आणि माती

गढीचा भाग बाहेरून मातीच्या उंचवट्यासारखाच वाटतो. खानदेशात गावोगावी अशा गढ्या होत्या: उंच जागा, भोवती मातीचे जाड तट, आत जहागीरदाराची किंवा पाटलाची वस्ती. पाऊस खाऊन खाऊन तट खचतात आणि उरतो तो पांढऱ्या मातीचा ढीग. ही माती चिमटीत घेऊन चोळून बघा, पिठासारखी लागते. आजूबाजूच्या शेतांतली काळी कपाशीची माती अशी नसते.

इथून पुढे छतांकडे लक्ष ठेवा. जुनी खानदेशी घरं धाब्याची. सागाच्या तुळया, त्यांवर कडीपाट किंवा काड्यांचा थर आणि वर खारी माती चोपलेली. छत सपाट, पावसाचं पाणी पन्हाळीतून बाहेर. गच्चीवर पापड-बिबडे वाळणार आणि उन्हाळ्यात सगळं घर तिथंच झोपणार. जाड मातीमुळे आतल्या खोलीत मे महिन्यातही गारवा राहतो. बरीच धाबी आता पत्र्याने झाकली आहेत. पत्र्याखाली मातीचा थर दिसतो का ते रस्त्यावरूनच बघता येतं, कडेला फूटभर जाडीची पट्टी असते.

वाडा कसा वाचायचा

इथे घाई करू नका. एका वाड्यासमोर पंधरा मिनिटं उभं राहण्याची तयारी असेल तरच हे जमतं. मी नेहमी खालून वर जातो.

आधी खांबाचा पाया. सागाचा खांब जमिनीत पुरलेला नसतो. त्याच्याखाली घडीव दगड असतो, त्याला तळखडा म्हणतात. वाळवी आणि ओल लाकडाला लागू नये म्हणून ही सोय. तळखड्यावर कमळाच्या पाकळ्या किंवा नुसत्या कडा कोरलेल्या असतात. घर पाडलं की खांब विकले जातात आणि तळखडे रस्त्याच्या कडेला पडून राहतात. कोणी त्यावर बसतं, कोणी कपडे धुतं. असा एकटा तळखडा दिसला तर इथे एक वाडा उभा होता असं समजा आणि वहीत टिपून ठेवा.

मग खांब. मधे फुगीर, वर निमुळता होत गेलेला सुरूच्या झाडाच्या आकाराचा असेल तर तो सुरूदार खांब. खांबांच्या मधली लाकडी कमान म्हणजे महिरप. सज्ज्याखाली लोंबणारा कोरीव लाकडी गोंडा दिसला तर तो केळफूल. ही नक्षी महाराष्ट्रात इतरत्रही आहे, पण केळीच्या मुलुखात राहणारी माणसं तिच्याकडे बोट दाखवून ‘आमचं कमळ’ म्हणतात, तेव्हा मला फार बरं वाटतं. इकडे केळफुलाला कमळच म्हणतात.

मग दार. चौकटीच्या वरच्या आडव्या लाकडाला गणेशपट्टी म्हणतात, कारण मधोमध गणपती कोरलेला असतो. जैन घरांवर तिथे मंगलकलश किंवा बैठे तीर्थंकर दिसतील. एका गल्लीत दोन्ही शेजारी शेजारी असले तर कोरणारा हात एकच आहे का ते वेलबुट्टीवरून ताडता येतं. पानांची वळणं बघा, मूर्ती नको. मूर्ती गिऱ्हाईक सांगेल तशी होते, पानं सुतार आपल्या सवयीने कोरतो. मोठ्या दारात एक छोटं दार असेल तर ती दिंडी. वाकूनच आत जावं लागतं. दाराच्या मागे भिंतीत चौकोनी खोबण दिसली तर तिथे अडसर सरकवायचे.

आणि दाराच्या दोन्ही बाजूंच्या देवळ्या. पणतीच्या काजळीने त्या आतून काळ्या झालेल्या असतात. चुना किती वेळा लावला तरी काळेपणा वर येतोच.

चौधरी वाडा हा या वाटेवरचा मोठा थांबा. बहिणाबाई चौधरींचं हे सासर. १८८० साली आसोद्यात जन्मल्या, लग्न होऊन जळगावात आल्या आणि १९५१ साली गेल्या. अक्षरओळख नसलेल्या या बाईने जात्यावर, शेतात, चुलीपुढे ओव्या रचल्या आणि त्यांचे चिरंजीव सोपानदेव व घरातल्यांनी त्या टिपून ठेवल्या. वाड्यात त्यांच्या आठवणींचं संग्रहालय आहे, घरातल्या आणि शेतातल्या वस्तू जपलेल्या आहेत. भोवती माणसं राहतात, म्हणून आवाज देऊन, विचारून आत जा. मी सांगेन, आधी वस्तू बघू नका. ओसरीत पाच मिनिटं गप्प बसा आणि उंबऱ्याची उंची, उजेड कुठून येतो, बाहेरच्या गल्लीतलं काय काय ऐकू येतं, ते घ्या. तिथून उठल्यावर त्यांच्या ओळी वेगळ्या ऐकू येतात.

घराच्या कपाळावरचं साल

१८६० च्या दशकात रेल्वे आली, कापसाचा बाजार फुलला आणि जळगाव गावाचं शहर झालं. १९०६ मध्ये खानदेशचे दोन जिल्हे झाले तेव्हा पूर्व खानदेशचं ठाणं जळगावला आलं. या पैशाच्या आणि कचेऱ्यांच्या काळात वाड्यांच्या जागी विटा-चुन्याच्या दुमजली इमारती उठल्या. त्यांच्या कपाळावर चुन्याच्या उठावात नाव आणि साल घातलेलं असतं. ते वाचायची किल्ली सोपी आहे. ‘शके’ असेल तर ७८ मिळवा: शके १८५२ म्हणजे १९३०. ‘संवत’ असेल तर ५७ वजा करा: संवत १९८७ म्हणजे १९३०. महिन्यानुसार एखाद्या सालाचा फरक पडतो, तेवढा धरून चाला. गुजराती-मारवाडी व्यापाऱ्यांच्या घरांवर बहुधा संवत असतं. हिजरी सन दिसला तर तो मोबाइलवर बदलून घ्या, तिथे साधी वजाबाकी चालत नाही.

रंगवलेल्या भिंती

‘स्ट्रीट आर्ट’ म्हटलं की हल्ली पुलाखालची आणि सरकारी कचेऱ्यांच्या कुंपणावरची मोठी चित्रं आठवतात. ती जरूर बघा. खालच्या कोपऱ्यात चित्रकाराचं नाव आहे का, आणि चित्राला हे गाव ठाऊक आहे का, एवढं तपासा. केळीचं पान फाटतं कसं, कपाशीचं बोंड उकलतं कसं, हे ज्याने पाहिलं आहे त्याचं चित्र लगेच ओळखू येतं. पण माझ्या मते जुन्या गावातली खरी रंगवलेली भिंत म्हणजे लग्नघराची भिंत.

लग्न ठरलं की पेंटर येतो आणि दाराशेजारच्या भिंतीवर गणपती, दोन्ही बाजूंना केळीचे खांब किंवा मोर, खाली कलश आणि मधे ‘शुभविवाह’ लिहून वर-वधूची नावं आणि तारीख घालतो. पुढच्या लग्नापर्यंत ते तसंच राहतं. मग चुना मारून त्यावर नवं. एका घरी पावसाने वरचा थर सोलला होता. वरच्या नावाखालून आधीच्या लग्नाच्या मोराची निळी मान बाहेर आली होती आणि तिच्याही खाली गेरूचा एक कलश पुसट दिसत होता. घरातल्या आजींना विचारलं तर त्यांनी भिंतीवर बोट ठेवून वरून खाली सांगितलं: हा नातवाचा, ही धाकटीची, आणि तो गेरूचा कलश मोठ्याच्या वेळचा. अशी सोललेली भिंत दिसली तर थांबा आणि विचारा.

दुसरी गोष्ट पाट्या. फ्लेक्स आल्यापासून हाताने रंगवलेली पाटी मागे पडली, पण दाणाबाजार आणि सुभाष चौकाच्या आतल्या बोळांत जुन्या पत्र्याच्या पाट्या अजून लटकताहेत. अडत दुकानांच्या पाट्या विशेष बघा. अक्षरं जाड, लाल छाया उजवीकडे खाली, मालकाचं नाव मोठं आणि मालाचं बारीक. एका पेंटरकाकांना मी तासभर काम करताना पाहिलं. त्यांनी आधी खडू लावलेली दोरी पत्र्यावर ताणून टण्कन सोडली, दोन सरळ रेषा उमटल्या. मग बोटांनी अक्षरं मोजली, सगळे काने उभे केले, पोटं भरली आणि शिरोरेषा शेवटी. करंगळी पत्र्यावर टेकवून, श्वास रोखून, एका ओढीत. ‘मधे उचलला की जोड दिसतो,’ एवढंच बोलले. तेव्हापासून कुठलीही जुनी पाटी दिसली की मी शिरोरेषेत जोड शोधतो.

चित्रांचा आणखी एक प्रकार तुम्हाला दिवस साधूनच बघावा लागेल. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघरी कानबाई, ही खानदेशची देवी, बसते, त्याआधी भिंती पोतारल्या जातात, दारात रांगोळ्या पडतात आणि सोमवारी विसर्जनाला गल्ली भरून जाते. रथाच्या दिवशी तर अख्ख्या वाटेवर रांगोळ्या असतात आणि रथाच्या पाठोपाठ त्या पायांखाली मिटत जातात. म्हणून त्या दिवशी रथाच्या पुढे चाला, मागे नको.

संध्याकाळचा भाग

सराफ्यात फार थांबू नका, दुकानांच्या आत कॅमेरा काढू नका. बघायचं ते वर: खाली काच आणि झगमगाट, वरच्या मजल्यावर जुन्या लोखंडी जाळीचे कठडे तसेच आहेत. दाणाबाजारात नाकाने फिरा. डाळी, मिरची, हळद यांचा वास दुकानागणिक बदलतो.

भिलपुऱ्यात लालशाह बाबांच्या दर्ग्यापाशी मात्र थांबा. रथ इथे आला की उभा राहतो आणि राममंदिराकडून समाधीवर फुलांची चादर चढवली जाते. आत जायचं असेल तर चपला बाहेर, डोक्यावर रुमाल, आणि तिथे बसलेल्या चाचांना सलाम करून विचारायचं. मी त्यांना रथाबद्दल विचारलं होतं. कोणत्या वर्षी रथ किती उशिरा आला आणि ते चहा घेऊन किती वाजेपर्यंत वाट बघत बसले, हे त्यांना वर्षावार आठवत होतं.

तिथून रथ चौक जवळ आहे. वर्तुळ पुरं झालं. हिवाळा असेल तर आता भरीत. हिरवी मोठी वांगी काड्यांच्या जाळावर भाजलेली आणि लाकडी बडगीत ठेचलेली हवीत. गॅसवर भाजलेलं असेल तर पुढच्या ठिकाणी जा. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी मागा.

फोटो आणि नोंदी

सुरुवातीला मी विचारल्याशिवाय फोटो काढायचो. एकदा ओट्यावर धान्य निवडत बसलेल्या एका मावशींनी पदर ओढून घेतला आणि उठून आत गेल्या. सूप तसंच राहिलं. चूक माझी होती आणि ती गल्ली मला वर्षभर परकी झाली. तेव्हापासून माझा नियम आहे: पहिल्या फेरीत कॅमेरा खिशात, फक्त ‘राम राम’. दुसऱ्या फेरीत विचारून. घराचा फोटो काढतानाही घरच्यांना विचारायचं, नळावर आणि धुण्यावर कॅमेरा रोखायचा नाही, लहान मुलांचा फोटो आई-बापांसमोरच.

वहीत चारच गोष्टी लिहा: चौकाचं नाव, काय पाहिलं, त्या घरात त्या वस्तूला काय म्हणतात, आणि तारीख. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. इथली बोली लेवा गणबोली, तावडी. वस्तू वापरातून गेली की तिचं नावही चार-दोन वर्षांत जातं. माणूस जे म्हणेल ते तसंच लिहा, शुद्ध करू नका.

हीच पद्धत खानदेशात इतरत्रही चालते. पारोळ्यात बालाजीच्या रथाची वाट आहे आणि १७२७ चा भुईकोट किल्ला गावातच. धुळ्यात खोल गल्लीच्या बालाजीचा रथ धरा आणि जाता जाता नंबरांच्या सरळ गल्ल्या बघा. १८१९ नंतर कॅप्टन ब्रिग्जने वसवलेल्या पेठेची आखणी त्यांत अजून दिसते. नंदुरबारला माणिक चौकापासून सुरुवात करा, जिथे ९ सप्टेंबर १९४२ ला शिरीषकुमार आणि त्याचे सोबती गोळीबारात पडले.

घरी आल्यावर एक काम उरतं. ज्या घरांचे फोटो विचारून काढले, त्यांचे छापील फोटो काढून घ्या. मोबाइलवर पाठवलेला फोटो आजी-आबांपर्यंत पोचत नाही. मागच्या बाजूला चौकाचं नाव आणि तारीख घाला आणि पुढच्या खेपेला स्वतः नेऊन द्या. त्या लग्नाच्या भिंतीचा फोटो मी आजींना नेऊन दिला, तेव्हा भिंत नव्याने रंगवून झाली होती. त्यांनी फोटो चष्म्याजवळ धरून पाहिला, आत गेल्या आणि देवळीत, पणतीच्या मागे, उभा करून ठेवला.